पेशी मरते तेव्हा कोण येतं?

२०२१ चे एप्रिल-मे आठवतायत? तुम्ही तेव्हा शाळेत असाल, किंवा अकरावीच्या ऑनलाइन लेक्चरला कॅमेरा बंद करून झोपत असाल. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं यायची थांबली होती आणि त्यांच्या जागी रक्ताच्या रिपोर्टचे फोटो यायला लागले होते. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, एलडीएच. ज्या काकांना फोटो झूम करता येत नव्हता, तेही एलडीएच किती आला म्हणून फोन करून विचारायचे. आकडा वाढलेला असला की ग्रुप एकदम गप्प व्हायचा.

एलडीएच म्हणजे काय, हे तेव्हा आपल्यापैकी कुणी फारसं विचारलं नाही. ते आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेलं एक साधं एन्झाइम आहे. त्याचं काम पेशीच्या आतलं, रक्तात ते थोडंच दिसायला हवं. ते खूप दिसायला लागलं तर कुठेतरी पेशींना इजा झालीय, त्या फुटल्यायत आणि आतला माल बाहेर सांडलाय, असा त्याचा अर्थ. म्हणजे त्या दिवसांत आपण सगळे नकळत पेशींच्या मरणाचे आकडे वाचत होतो.

पण पेशी मरणं ही काही भयंकर घटना नाही. तुम्ही हे पान वाचताय तेवढ्या वेळात तुमच्या शरीरात कोट्यवधी पेशी मेल्या असतील आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. ना ताप, ना सूज. मग कोरोनात असं काय वेगळं झालं? हे शोधायला बसले, तर दरवेळी मी एकाच माणसापाशी येऊन पोचायचे. त्यानं कोरोना विषाणू कधी पाहिला नाही. पाहणं शक्यच नव्हतं, तो १९१६ मध्येच गेला. त्याचं नाव इल्या मेचनिकॉव्ह.

जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळच्या एका खेड्यात. तेव्हा तो सगळा मुलूख रशियन साम्राज्याचा होता. वडील सैन्यातले अधिकारी आणि जमीनदार, आई ज्यू घराण्यातली. पोरगा अभ्यासात इतका पुढे, की विद्यापीठाचा चार वर्षांचा कोर्स त्यानं दोन वर्षांत उरकला. तो डॉक्टर नव्हता, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तो प्राणिशास्त्रज्ञ होता. समुद्रातले पारदर्शक जीव, किडे, अळ्या यांच्यात रमणारा. विशीतच त्यानं एका चपट्या कृमीच्या शरीरात पेशी अन्न गिळून आतल्या आत पचवतात हे पाहिलं. तेव्हा त्याला त्यात पचनापलीकडचं काही दिसलं नाही.

आयुष्य मात्र त्याला सुरुवातीपासून मरणाच्या शेजारीच ठेवत आलं. १८६९ मध्ये त्यानं ल्युडमिलाशी लग्न केलं. ती इतकी आजारी होती की तिला लग्नासाठी खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षं तो तिला घेऊन उबदार हवेच्या गावांमागे फिरला. १८७३ मध्ये मदीरा बेटावर ती गेली. त्यानंतर त्यानं स्वतःचं आयुष्य संपवायचा प्रयत्न केला. तो वाचला. त्याची दुसरी बायको ओल्गा हिनं लिहिलेल्या चरित्रात त्या दिवसांतलाच एक प्रसंग आहे. तो जिनिव्हातल्या नदीच्या पुलावर उभा होता, दिव्याभोवती किड्यांचा थवा घिरट्या घालत होता आणि याच्या मनात प्रश्न आला, की इतकं थोडं जगणाऱ्या या जिवांना निसर्गाची निवड लागू कशी होत असेल? त्या प्रश्नानं त्याला पुन्हा कामाकडे ओढलं. (गोष्ट ऐकायला छान वाटते, पण प्रत्येकाच्या वाटेत असा पूल येतोच असं नाही. तुमच्या मनात तसे विचार येत असतील तर घरातल्या, मित्रमैत्रिणींतल्या कुणाशी तरी बोला, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. दिवसा-रात्री कधीही.)

ओल्गाशी लग्न १८७५ मध्ये झालं. १८८० मध्ये तिला टायफॉइड झाला. ती बरी झाली, पण हा पुन्हा कोसळला आणि त्यानं एका तापाच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. तो ताप रक्तातून पसरतो का, हेही त्याला पाहायचं होतं. उत्तर हो असं मिळालं आणि तो मरता मरता वाचला. पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ इव्हान गेला. टॉलस्टॉयची इव्हान इलिचच्या मृत्यूवरची कथा कुणी वाचली असेल, तर त्यातला इव्हान ज्याच्यावरून सुचला तो हाच भाऊ.

आता १८८२. झारची हत्या होऊन वर्ष झालेलं, विद्यापीठात राजकारणाचा नुसता चिखल. मेचनिकॉव्हनं ओडेसातली प्राध्यापकी सोडली आणि ओल्गा, तिची लहान भावंडं असा कबिला घेऊन सिसिलीतल्या मेसिनाला गेला. समुद्राकाठी घर. दिवाणखान्यातच मायक्रोस्कोप मांडलेला. एके दिवशी घरचे सगळे सर्कशीला गेले, तिथं शिकवलेली माकडं आली होती. हा एकटा मागे राहिला.

काचेखाली ताऱ्यामाशाचं पिल्लू होतं, काचेसारखं आरपार. त्याच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे सरकत होत्या. त्या पाहता पाहता त्याला वाटलं, या पेशी नुसत्या जेवायला फिरत नसतील तर? बाहेरून काही घुसलं तर त्याच्यावर धावून जायचं हे त्यांचं काम असेल तर? आपल्या बोटात कूस गेलं की भोवती पू धरतो, तसं या पिल्लातही व्हायला हवं. आणि याला तर ना रक्तवाहिन्या, ना मज्जासंस्था. म्हणजे जे होईल ते फक्त पेशी करतील.

तो बागेत गेला. काही दिवसांपूर्वी तिथलंच एक संत्र्याच्या जातीचं झुडूप मुलांसाठी ख्रिसमस ट्री म्हणून सजवलं होतं. त्यानं गुलाबाचे काही काटे तोडले आणि त्या पिल्लांच्या पारदर्शक त्वचेखाली खुपसले. रात्रभर झोप नाही. पहाटे पाहतो, तर काट्याभोवती पेशींचा घोळका जमला होता.

बस्स, एवढंच. ना मोठी लॅब, ना फंडिंग, ना गाइडची सही. आपल्या प्रोजेक्टच्या सबमिशनला आपण जी कारणं देतो ती आठवून मला जरा लाजच वाटली.

पुढे व्हिएन्नात क्लाउस नावाच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकानं या खाणाऱ्या पेशींना ग्रीक नाव सुचवलं, फॅगोसाइट. आपल्या पुस्तकात त्यांना भक्षक पेशी म्हणतात. तोवर पाठ्यपुस्तकं उलटंच सांगत होती. जंतू गिळलेल्या पांढऱ्या पेशी त्यांना शरीरभर हिंडवतात आणि रोग पसरवतात, असा समज होता. मेचनिकॉव्ह म्हणाला, त्या हमाल नाहीत, पहारेकरी आहेत. मग त्यानं पाणपिसू घेतली. तीही आरपार दिसते. तिच्या शरीरात बुरशीचे सुईसारखे बीजाणू शिरतात आणि पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. पेशी जिंकल्या तर पिसू जगते, हरल्या तर मरते. ही लढाई त्यानं डोळ्यांनी पाहिली.

त्याच काळात तो बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीकडे वळला. टॅडपोलची शेपटी गळून पडत नाही, आतल्या आत विरते. तिथं त्याला दिसलं की भक्षक पेशी शेपटीच्या स्नायूंचे तुकडे गिळतायत. म्हणजे त्या नुसत्या पहारेकरीही नाहीत, सफाई कामगारही आहेत. एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली. त्याला वाटलं, भक्षक पेशीच स्नायूंवर हल्ला करतात. प्रत्यक्षात शेपटीच्या पेशी हॉर्मोनचा निरोप आल्यावर आपणहून मरायला लागतात आणि सफाईवाले त्यानंतर येतात. हा क्रम नंतर फार महत्त्वाचा ठरणार होता.

इकडे त्याचं नशीब काही सरळ नव्हतं. १८८६ मध्ये ओडेसात लसीकरणाचं आणि जंतूंच्या अभ्यासाचं केंद्र निघालं आणि हा त्याचा प्रमुख झाला. डॉक्टर नसलेला माणूस लसीकरणाचा प्रमुख, म्हणून गावातले डॉक्टर खवळले. त्यात तो बाहेरगावी असताना अँथ्रॅक्सच्या लशीनं हजारो मेंढ्या मेल्या. १८८८ मध्ये त्यानं गाशा गुंडाळला आणि पॅरिस गाठलं. लुई पाश्चरनं नव्या संस्थेत त्याला प्रयोगशाळा दिली. मरेपर्यंत तो तिथंच राहिला.

त्याच्या मागोमाग त्याचा एक ओडेसातला विद्यार्थी पॅरिसला आला. प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून त्याला ग्रंथालयात सहायकाची नोकरी मिळाली. त्याचं नाव वाल्देमार हाफकिन. हो, तोच! १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर इथं येऊन ज्यानं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली तो. परळच्या ज्या हाफकिन संस्थेवरून तुमच्यापैकी कितीतरी जण रोज बसनं जातात, तिचं मूळ असं त्या काट्यापर्यंत जातं.

पॅरिसमध्ये मेचनिकॉव्हची बरीच वर्षं भांडणात गेली. जर्मन शास्त्रज्ञांचं म्हणणं, रोगाशी लढतं ते रक्तातलं द्रव्य, म्हणजे आज आपण ज्याला अँटिबॉडी म्हणतो ते. हा म्हणायचा, पेशी. दोन्ही बाजूंनी कागदावर तुंबळ युद्ध. शेवटी १९०८ चं नोबेल त्याला आणि द्रव्यवाल्या बाजूच्या पॉल एर्लिखला विभागून मिळालं. दोघंही बरोबर होते म्हणा ना. त्याच डिसेंबरात मेसिना शहर भूकंपानं जमीनदोस्त झालं.

म्हातारपणाकडे झुकल्यावर मात्र गंमत झाली. (खरं तर गंमत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.) ज्या पेशींची त्यानं आयुष्यभर वकिली केली, त्यांच्यावरच तो संशय घ्यायला लागला. त्याला वाटायला लागलं की म्हातारपणी याच भक्षक पेशी मेंदूतल्या पेशी खातात, केसांतला रंग खातात, म्हणून केस पांढरे होतात. आणि त्यांना भडकवतं कोण, तर मोठ्या आतड्यातल्या जंतूंचं विष. उपाय काय, तर आंबवलेलं दूध. तो स्वतः रोज ते घ्यायचा. त्याच्या एका व्याख्यानानंतर युरोपात योगर्टचं जे वेड पसरलं, ते तुमच्या फ्रिजमधल्या प्रोबायोटिकच्या छोट्या बाटलीपर्यंत पोचलंय. केसांबद्दलचं त्याचं म्हणणं चुकलं. पण त्यामागचं भय, की राखणदार आपल्याच घरावर उलटू शकतो, ते काही साधं नव्हतं.

आता परत आपल्या एलडीएचकडे येऊ.

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी पेशींच्या एका शांत मरणाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं अ‍ॅपॉप्टोसिस. ग्रीकमध्ये हा शब्द झाडाची पानं गळण्यासाठी वापरतात. पानगळ म्हणा. यात पेशी आक्रसते, आपला सगळा पसारा छोट्या छोट्या पुड्यांमध्ये बांधते आणि अंगावर मला खा अशी खूण लावते. मेचनिकॉव्हच्या भक्षक पेशी येतात आणि पुड्या गिळतात. काही सांडत नाही, सूज येत नाही. टॅडपोलच्या शेपटीत तो जे पाहत होता ते हेच.

विषाणू घुसलेल्या पेशीनं असं मरणं हा शरीराच्या दृष्टीनं त्याग असतो. पेशी मेली की विषाणूचा कारखाना बंद. पण कोरोना विषाणू लबाड निघाला. मरणाच्या यंत्रणेत पेशी आतून कापणाऱ्या काही कात्र्या असतात, त्यांना कॅस्पेज म्हणतात. २०२२ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी दाखवलं की कोरोना विषाणू त्यातली एक कात्री, कॅस्पेज-६, स्वतःच्या कामाला जुंपतात. ती विषाणूचं एक प्रथिन कापते आणि त्याचे तुकडे पेशीची धोक्याची घंटा दाबून धरतात. म्हणजे चोराला मारायला ठेवलेल्या कात्रीनं चोरच घराची वायर कापतो.

त्याच वर्षी ब्राझीलमधून आलेला एक अभ्यास वाचताना मला मेचनिकॉव्हची सगळ्यात जास्त आठवण आली. भक्षक पेशीनं साधी मेलेली पेशी गिळली की ती शांत होते आणि आजूबाजूची जखम भरायला मदत करते. पण कोरोना असलेली मरती पेशी गिळली, तर उलटं होतं. ती भडकते, दाह वाढवणारी रसायनं सोडते आणि पुढच्या मेलेल्या पेशी गिळायची तिची ताकदच कमी होते. सफाई कामगार आजारी, कचरा तसाच पडून आणि कचऱ्याला आग.

मरणाचे आवाज करणारे प्रकारही आहेत. त्यातला एक पायरॉप्टोसिस, म्हणजे पेटून मरणं. यात गॅस्डर्मिन नावाचं प्रथिन पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, पेशी फुगते, फुटते आणि आतलं सगळं बाहेर येतं. आपलं एलडीएचसुद्धा. हे वाईटच असं नाही. जंतू घुसलाय हे सगळ्यांना ओरडून सांगायचा तो मार्ग आहे. पण किती ओरडायचं याला मर्यादा हवी. बोस्टनच्या संशोधकांना कोविड रुग्णांच्या रक्तातल्या मोनोसाइट्सपैकी, म्हणजे भक्षक पेशींच्याच एका प्रकारापैकी, सुमारे ६ टक्के पेशींमध्ये विषाणू शिरलेला आढळला. तो शिरला कसा? अँटिबॉडी चिकटलेला विषाणू या पेशींनी नेहमीप्रमाणे गिळला. आपलं कामच केलं त्यांनी. विषाणू आत वाढू शकला नाही, कारण पेशी आधीच पेटून मेली. पण मरताना तिनं आग पसरवली. पेशी आणि अँटिबॉडी, १९०८ च्या नोबेलचे दोन्ही मानकरी इथं एकाच अपघातात सापडले.

आगीचं गणित मांडणाऱ्यांत तेलंगणात वाढलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या थिरुमला-देवी कन्नेगंटी यांचं नाव येतं. टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा ही शरीराचीच दोन संदेश देणारी प्रथिनं. त्यांच्या गटानं २०२१ मध्ये दाखवलं की ही दोन्ही एकत्र वाढली की पेशींच्या मरणाचे शांत-अशांत सगळे मार्ग एकदम सुरू होतात. उंदरांना दोन्ही एकत्र टोचली तर ते मेले, एकेकटं टोचलं तर तसं झालं नाही. आणि कोरोना झालेल्या उंदरांमध्ये दोन्ही अडवली, तर त्यांचं मरण कमी झालं. सायटोकाइन स्टॉर्म हा शब्द आपण टीव्हीवर ऐकून ऐकून घासून टाकला होता. आत नेमकं काय चाललंय ते असं थोडं उलगडलं. मरणाऱ्या पेशी आग लावतात, आगीमुळे आणखी पेशी मरतात.

डेक्सामेथासोन आठवतं? जुनं, स्वस्त स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू या औषधानं सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. ते विषाणूला हातही लावत नाही, फक्त शरीराचा दाह उतरवतं. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. त्यांच्या शरीरात लढाई अजून हाताबाहेर गेली नव्हती, तिथं पहारेकऱ्याला झोपवून चालणार नव्हतं. म्हणून घरी बसून कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइड घेणं इतकं धोक्याचं होतं.

मेचनिकॉव्हला हे पाहून काय वाटलं असतं? त्यानं दाहावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, आणि त्यात दाह म्हणजे शरीराचा बचाव अशीच बाजू लावून धरली होती. मला वाटतं तो आधी भांडला असता. मग मायक्रोस्कोपपाशी गेला असता.

त्याचे शेवटचे दिवस पहिल्या महायुद्धात गेले. त्याच्या प्रयोगशाळेतली तरुण मुलं आघाडीवर गेली, खोल्या ओस पडल्या. त्याचं हृदय दमलं होतं. ज्यानं तरुणपणी दोनदा मरण मागितलं, तो आता स्वतःच्या आजाराच्या नोंदी ठेवत होता. आपण गेल्यावर शरीर उघडून नीट तपासा, आतडीही पाहा, असं त्यानं सहकाऱ्याला सांगून ठेवलं. १५ जुलै १९१६ ला, ७१ व्या वर्षी, तो पाश्चर संस्थेतच गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे तपासणी झाली, मग दहन झालं. त्याची रक्षा अजूनही पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे. हाफकिनला पॅरिसमध्ये पहिली नोकरी मिळाली होती, तीही ग्रंथालयातलीच.